वाचनालयात निसर्गाचे कार्यक्रम करायचेत, ५ जून सोडून काहीतरी सुचवा

कपाट_नंबर_७

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. भांडुप-मुलुंड पट्ट्यातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी रविवारी आणि जमेल तसं संध्याकाळी मदतीला जाते, पगारी नाही, हौस म्हणून. ब वर्गाचं वाचनालय, अनुदान येतं ते पगार, लाइट बिल आणि दिवाळी अंकांत संपतं. यंदा कार्यकारिणीत नवीन माणसं आलीत आणि त्यांनी ठरवलंय की पर्यावरणावर "वर्षभर काहीतरी" करायचं. ते काहीतरी माझ्या गळ्यात पडलंय. बजेट पाच हजार. वर्षाचं.

आत्तापर्यंत काय व्हायचं तर ५ जून. पाहुण्यांना शाल-श्रीफळ, पाऊण तास भाषण, मग तुळशीच्या रोपांचं वाटप आणि शेवटी चहा, तो थर्माकोलच्या कपात. खरंच. थर्माकोलवर आपल्याकडे २०१८ला बंदी आली, तरी पर्यावरण दिनालाच हे कप कुठून उगवले देव जाणे. वाटलेल्यातली तीन रोपं अजून जिन्याखाली आहेत, मीच पाणी घालते. समोर बसलेले सगळे साठीच्या पुढचे, मुलं म्हणाल तर पाहुण्यांचा नातू.

पुस्तकं बऱ्यापैकी आहेत. कपाट नंबर ७, वरच्या दोन फळ्या. सालिम अलींचं आहे, चितमपल्लींची बरीच आहेत, झाडांवरची, सापांवरची. पण काच सरकत नाही म्हणून कोणी हात लावत नाही. पक्षिकोशावर शेवटचा शिक्का २०१७चा.

आमच्या एका बाजूला नॅशनल पार्क, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि बालविभागातल्या एकाला विचारलं की कावळा-कबूतर सोडून तिसरा पक्षी सांग तर म्हणाला पेंग्विन. राणीच्या बागेची कृपा, दुसरं काय. तर वर्षभर काय करता येईल? भाषण नकोय, एवढंच नक्की आहे.

खाडीकाठ

ताई, ५ जूनची मूळ गोची म्हणजे त्या दिवशी शाळाच नसतात. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, निम्मी पोरं तेव्हा गावाला आणि पाऊसही धड आलेला नसतो. पोरं येणार कुठून.

त्यापेक्षा २६ जुलै पकडा. मुंबईत ही तारीख कोणाला समजावून सांगावी लागत नाही, २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. आणि योगायोग बघा, जागतिक कांदळवन दिवस पण २६ जुलैलाच असतो. त्या दिवशी तुमच्या भागाचा मोठा नकाशा भिंतीवर लावा, टाचण्या ठेवा आणि प्रत्येकाला विचारा की तुम्ही तेव्हा कुठे होतात आणि पाणी कुठपर्यंत आलं होतं. घोटा, गुडघा, कंबर, तीन रंगांच्या टाचण्या. तुमचे ते साठीच्या पुढचे लोक आहेत ना, तेच इथे हिरो होतील बघा, कारण पोरांचा तर तेव्हा जन्मही नव्हता. मग त्याच नकाशावर तिवरं, म्हणजे हीच कांदळवनं, कुठे होती, खाडी कुठपर्यंत होती, कुठे भराव पडला हे जुन्या माणसांनाच दाखवायला सांगा. आमच्या सोसायटीत आम्ही हे केलं होतं, एका काकांनी आत्ता जिथे पार्किंग आहे तिथे ते लहानपणी निवट्या पकडायचे असं सांगितलं आणि मग अर्धा तास निवट्या म्हणजे काय यावरच गेला. चिखलावर उड्या मारत चालणारा मासा म्हटल्यावर पोरांचा विश्वासच बसेना.

दुसरी तारीख, पक्षी सप्ताह, ५ ते १२ नोव्हेंबर. ५ला चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ला सालिम अलींचा, सरकारने २०२०ला अधिकृत केलाय. म्हणजे तुमच्या कपाट ७ मधलेच दोघं झाले की. फक्त दिवाळीची सुट्टी कधी पडते ते बघून घ्या.

शांतता_राखा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वाचनालय आहे की पिकनिक स्पॉट? आमच्याकडे अभ्यासिकेत एमपीएससीची मुलं बसतात, घरी दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं म्हणून बिचारी इथे येतात, आणि दर रविवारी कोणीतरी माइक घेऊन उभं. मागे एकदा कुठल्यातरी जनजागृतीसाठी ढोल-ताशा आणला होता. पुस्तकं द्या, पुस्तकं घ्या, बास.

निवृत्त_ग्रंथपाल

शांतता_राखा, माइकबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मी सदतीस वर्षं देवघेवीच्या टेबलामागे काढली, सगळ्यात जास्त पुस्तकं गेली ती कार्यक्रमांमुळे नाही गेली, ती पुस्तकं हाताशी होती म्हणून गेली.

बाई, आधी ती काच काढा. दुरुस्त करू नका, काढूनच टाका. आणि त्यातली वीस पुस्तकं वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळ आणून ठेवा, कारण पेपर दुसऱ्याच्या हातात असतो तेव्हा माणूस दहा मिनिटं नुसता बसलेला असतो आणि त्या दहा मिनिटांत तो समोरचं काहीही वाचतो, औषधाच्या बाटलीवरचं सुद्धा.

मग एक शंभर पानी वही घ्या, दोऱ्याने टेबलाला बांधा (पेन पण बांधा, अनुभवाने सांगतो). वर लिहा, आज काय दिसलं. तारीख, वेळ, जागा. नाव माहीत नसेल तर वर्णन. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात कोणीतरी लिहिलं होतं, "कावळ्याएवढा, पंख विटकरी, डोळे लाल, कंपाउंडवर चालत होता, उडायचा कंटाळा आहे बहुतेक." खाली दुसऱ्या दिवशी वेगळ्या अक्षरात, भारद्वाज. त्याच्या खाली तिसऱ्याने, आमच्या गावी याला कुंभारकावळा म्हणतात, दिसला की शुभ. मग दोघांचं नाव कुठलं बरोबर यावर भांडण, आणि ते मिटवायला पुस्तक काढलं गेलं. त्यानंतर ते पुस्तक कपाटात परत म्हणून गेलं नाही.

सालिम अलींचंही असंच ना. पिवळ्या कंठाची एक चिमणी हातात आली, ती ओळखता येईना म्हणून ते पोर १९०८ साली बीएनएचएसमध्ये, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, घेऊन गेलं, आणि तिथल्या मिलार्डसाहेबांनी कपाटाचे खण उघडून पक्षी दाखवले. हाकलून दिलं नाही, एवढंच.

आणि फुकटातलं एक. खिडकीत कढीपत्त्याची कुंडी ठेवा. त्यावर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालतंच, आज ना उद्या. अळी लहान असताना अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, झाडून टाकू नका म्हणून सफाईवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवा. मोठी झाली की हिरवी होते, आणि हलकंच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते, घाण वास येतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन-चार आठवडे. कुंडीशेजारी एक भिंग बांधून ठेवा. याला माइक लागत नाही.

डोंबिवली_टू_सॅनहोजे

इथे कॅलिफोर्नियात आमच्या लायब्ररीतून काय काय मिळतं सांगते, उपयोग होईल न होईल. कार्डावर स्टेट पार्कच्या पार्किंगचा पास घरी नेता येतो, पुस्तकासारखाच, २०२२पासून सुरू आहे. काही ठिकाणी दुर्बीण आणि पक्ष्यांचं पुस्तक एका पिशवीत घालून देतात. आणि बियांचं कपाट असतं, जुन्या कार्ड कॅटलॉगच्या खणांत पाकिटं, तुम्ही बी न्यायचं, लावायचं, पीक आलं की त्यातलं बी परत आणून द्यायचं. परत कोण आणतं म्हणाल तर फार थोडे, पण दंड नसतो.

मला वाटतं दुर्बिणीचं तुमच्याकडे सहज होईल. मी पुढच्या वेळी येताना एक आणू का? सिरियसली विचारतेय.

खाडीकाठ

आणा की, नेकी और पूछ पूछ. फक्त दहा पटीची आणू नका, पोरांचा हात हलतो आणि काही म्हणजे काही दिसत नाही. ८×४२ बरी, आठ म्हणजे आठ पट जवळ दिसणार आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये, तो मोठा तितका उजेड जास्त. आणि कपाट_नंबर_७, पावसाळ्यात तिला त्या लेदरच्या कव्हरमध्ये ठेवू नका हं, आपल्या हवेत काचेला आतून बुरशी धरते. माझी एक अशीच गेली. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. अनामत घ्या पण पाचशेच्या वर नको, नाहीतर जी पोरं खरंच वापरतील तीच येणार नाहीत.

बियांचं मात्र जरा बघून. जुलैत कागदाच्या पाकिटात ठेवलीत तर ऑगस्टमध्ये पाकिटातच उगवतील.

आजीची_परडी

माझं थोडं वेगळं. आमच्या महिला मंडळाने वाचनालयाच्या हॉलमध्ये दसऱ्याच्या आधीच्या रविवारी "सोनं खरं की खोटं" असं ठेवलं होतं. बाजारात आपटा म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा कांचन असतं, दोन्हीची पानं जोडपान असल्यासारखी मधून दुभंगलेली, त्यामुळे फसायला होतं. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं. प्रत्येकीने घरून आणलेलं पान टेबलावर ठेवायचं, मग पुस्तक उघडून बघायचं. बावीस जणींपैकी आपटा चौघींचाच निघाला हो! माझा पण कांचन. इतकी वर्षं मी कांचनच वाटत आलेय सगळ्यांना. आणि मग एकीने विचारलं की एवढी झाडं ओरबाडायचीच कशाला, त्यावर जे काही झालं ते कुठल्याच पाहुण्यांच्या भाषणातून झालं नसतं.

गणपतीच्या आधी पत्रींचं पण असंच करता येईल, आघाडा, माका, डोरली, शमी. आपल्या बायकांना नावं पाठ आहेत, झाड समोर आलं तर ओळखू येत नाही.

ओहोटी

मी कोळीवाड्यातला आहे म्हणून सांगतो. पोरांना किनाऱ्यावर न्या, पण आता नाही, नारळी पौर्णिमा होऊन दर्या शांत झाला की, ऑक्टोबरनंतर. गिरगाव चौपाटीच्या टोकाला किंवा हाजीअलीच्या मागे खडकांत पाणी उतरलं की जे दिसतं ते मुंबईच्या निम्म्या लोकांनी बघितलेलं नाही. समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे. मरीन लाइफ ऑफ मुंबईवाली मुलंमुली २०१७पासून लोकांना असं फिरवून दाखवतात, त्यांना विचारा.

वेळ कशी काढायची तर ॲप लागत नाही, कालनिर्णय बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती, म्हणजे ओहोटी बाराला. तुम्हाला सकाळची ओहोटी पाहिजे आणि पाणी लांब गेलेलं पाहिजे, म्हणून अमावस्या-पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया धरा, साडेसात-आठला उतरलेलं असतं. अष्टमीला जाऊ नका, तेव्हा भांग असते, पाणी धड चढत नाही धड उतरत नाही. हे गणित अंदाजाचं आहे, तासभर आधी पोचा, पाणी वळलं की बाहेर. शेवाळावर चपला घालून कोणी चढायचं नाही, सँडल-बूट घाला, आणि दगड उलटा केला तर परत तसाच ठेवायचा, खाली कोणाचं तरी घर असतं.

शांतता_राखा

पाऊणपटीचं गणित भारी आहे. माझ्या आजोबांना येत होतं, मी विसरलो होतो. वहीला माझी हरकत नाही.

कपाट_नंबर_७

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. काच काढली. सुताराने दोनशे घेतले आणि म्हणाला ही काच उलटी बसवली होती, म्हणजे इतकी वर्षं ती सरकणारच नव्हती. वही बांधली. पहिली नोंद पेपरवाचक आजोबांची, "कबूतर, ग्रिलमध्ये, वैताग." दुसरी त्या पेंग्विनवाल्याची, "छोटा हिरवा, डोक्यावर लाल, टुकटुकटुक करतो, दिसत नाही, ऐकू येतो." खाली मी मुद्दाम काही लिहिलं नाही. चार दिवसांनी अभ्यासिकेतल्या एका मुलीने लिहिलंय, तांबट, पान नंबर पण दिलंय. एमपीएससी सोडून तिने पक्षिकोश उघडला याचं पाप माझ्या माथी.

२६ जुलैचा नकाशा ठरलाय. कार्यकारिणीने विचारलं पाहुणे कोण, म्हटलं पाहुणे नाहीत. दहा मिनिटं शांतता. मग हो म्हणाले, शाल-श्रीफळाचे वाचलेले पैसे टाचण्यांना दिले.

आता खरा प्रश्न. कढीपत्त्यावर मोठी हिरवी अळी होती, परवापर्यंत पानं फडशा पाडत होती, मुलं येऊन भिंगाने बघत होती. काल सकाळपासून गायब. मावशी शपथेवर सांगतात की त्यांनी झाडलेली नाही. पण खिडकीच्या चौकटीत, कुंडीपासून हातभर लांब, काहीतरी तपकिरी चिकटलंय, लाकडाच्या ढलपीसारखं. फोटो काढला पण उजेड मागून येतोय, नीट येत नाहीये. हाच का तो?

निवृत्त_ग्रंथपाल

शेपटाकडून चिकटलेलं आणि कमरेला बारीक दोरा बांधून मागे रेलल्यासारखं दिसतंय का? अगदी लोकलमध्ये लटकल्यासारखं? असेल तर कोषच. झाडापासून लांब जाऊनच करतात. हात लावू नका, आठ-दहा दिवस ती खिडकी उघडू नका, आणि वहीत नोंद करा, तारखेसकट.

कपाट_नंबर_७

दोरा आहे! खिडकीला चिठ्ठी लावली, "उघडू नये, आत माणूस आहे." पेंग्विनवाल्याने लिहिलीये.