काचबिंदूमुळे गाडी चालवणे सोडले; आता रोडकिंगचे आणि माझे काय?

जुनी_फटफटी (सातारा):
नमस्कार. काचबिंदूमुळे माझी बाजूची नजर अरुंद होत चालली आहे. समोरचे स्पष्ट दिसते, परंतु आडव्या रस्त्याने येणारे वाहन अगदी जवळ आल्याशिवाय लक्षात येत नाही. म्हणून नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने मी मोटारसायकल चालवणे कायमचे थांबवले आहे. त्या निर्णयावर चर्चा नको. माझ्याकडे १९८६ सालची येझदी रोडकिंग असून तिचे बहुतेक काम मी स्वतःच करत आलो आहे. घरच्यांच्या मते ती विकून टाकावी. आठवड्यातून एकदा अंगणातच दोन मिनिटे इंजिन चालू ठेवले, तर ती टिकेल का? शिवाय चालवणे सोडल्यावरही या क्षेत्राशी नुसते बघ्याचे नव्हे, तर कामाचे नाते कोणी टिकवले असल्यास ते कसे, हे जाणून घ्यायचे आहे.

दोनस्ट्रोक (पुणे):
दोन मिनिटे चालवून बंद करणे हे गाडी नीट तयारीने उभी करून ठेवण्यापेक्षा वाईट. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि इंजिन व सायलेन्सर पुरेसे तापले नाहीत, तर ती आतच साचून गंज धरतो. रोडकिंगचे दोन्ही लांब सायलेन्सर अंगणात उभ्या उभ्या टोकापर्यंत तापतच नाहीत. त्यातच हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते ओलावा शोषून घेते. तेव्हा एकतर अधूनमधून कोणीतरी ती रस्त्यावर नेऊन चांगली तापवून आणावी, नाहीतर टाकी व कार्ब्युरेटरचे फ्लोट चेंबर रिकामे करावे, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) सोडावे, किक हळूहळू फिरवून ते पसरू द्यावे आणि गाडी डबल स्टँडवर ठेवावी.

मी पहिला मार्ग निवडेन, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या ‘कोणीतरी’तच आहे. जुन्या टू-स्ट्रोक येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ मध्ये येझदी हे नाव परत आले खरे, पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक असल्यामुळे त्यांच्यावर हात बसलेल्या मुलाला पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळावे, पॉइंटचा (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांचा) गॅप फीलर गेजने, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी, कसा लावावा, किंवा नुसत्या आवाजावरून ठिणगीचे टायमिंग बिघडल्याचे कसे ओळखावे, हे शिकायला मिळत नाही. जुनी येझदी हौसेने घेणारे तरुण गिअरचाच दांडा आत दाबून फिरवल्यावर त्याची किक होते हे पाहून हरखतात आणि पहिल्यांदा पॉइंट जळाले की हवालदिल होतात. अशा एकाला हाताशी धरा; पाना त्याच्या हातात, कान तुमचा, आणि फेरी मारायलाही तोच. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवसानिमित्त ठिकठिकाणी मालक जमतात, तिथे असा कोणी भेटणे अवघड नाही.

चिखलप्रेमी (पिंपरी):
काका, शर्यतींचाही विचार करावा. आपल्याकडे मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसचे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या घेत होणाऱ्या मोटारसायकल शर्यतींचे, वेड जुने आहे; जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची फेरीही झाली. ट्रॅकवर झेंडा घेऊन उभे राहणाऱ्या मार्शलचे काम मात्र मी तुम्हाला सुचवणार नाही, कारण पडलेल्या स्वाराकडे धावताना मागून उडी घेऊन येणारी गाडी डोळ्याच्या कडेनेच टिपावी लागते. त्यापेक्षा शर्यतीपूर्वीच्या तांत्रिक तपासणीत मदत करता येईल. ब्रेक नीट लागतात का, हात सोडल्यावर थ्रॉटल आपोआप मिटतो का, स्पोक सैल आहेत का, हे सगळे हातांनी चाचपून पाहायचे असते. त्यासाठी आयोजक क्लबकडे विचारणा करावी.

माणदेशी:
विकण्याचा सल्ला मला तितकासा चुकीचा वाटत नाही. दारात गाडी असली की ‘कोपऱ्यापर्यंतच जाऊन येतो’ हा मोहही दारातच असतो. विकायची नसेल, तर किल्ली त्या शिकणाऱ्या मुलाकडे ठेवावी.

जुनी_फटफटी:
किल्लीचा मुद्दा पटला. आमच्या गल्लीतील एक आयटीआयचा विद्यार्थी गाडीकडे नेहमी रेंगाळतो, त्याला विचारतो. त्याने गाडी चालवल्यास कागदपत्रांचे काय? पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीच्या विंटेज नोंदणीचा काही उपयोग होईल का?

दोनस्ट्रोक:
त्याच्याकडे गिअरच्या मोटारसायकलचा वैध परवाना हवा, आणि गाडीचा थर्ड पार्टी विमा, पीयूसी व नोंदणी चालू हवी. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, ती तारीख तपासा. विम्यातील मालक-चालकाचे अपघात संरक्षण हे परवानाधारक मालकासाठी असते, ते त्या मुलाला लागू होत नाही. त्याचा वेगळा अपघात विमा उतरवावा. विंटेज नोंदणीचा नियम २०२१ चा आहे आणि तुमची गाडी त्यात २०३६ पर्यंत बसत नाही. तशीही त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे तूर्त साधी नोंदणीच तुमच्या सोयीची.