मदत हवी आहे : जुन्या लोशनमधलं 'ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल' गरोदरपणात चालतं का?

नमस्कार मंडळी. मी केजची (जि. बीड). वहिनीला पाचवा महिना चालू आहे. पोटाला खाज सुटते म्हणून अंघोळीनंतर बॉडी लोशन लावते, उरलेला हात मानेवर फिरवते. बाटली दादाच्या मित्रानं दुबईहून आणलेली, कपाटात बरीच वर्षं पडून होती. आता मानेवर बारीक पुरळ उठलंय. आई म्हणते उष्णता आहे, सब्जा दे.

मोबाइलनं झूम करून बाटलीमागचं वाचलं : परफ्यूम, लिनालूल, हेक्झिल सिनॅमल आणि वरचं लांबलचक नाव. दुकानात त्याच लोशनची नवी बाटली पाहिली, तर तिच्यावर नेमकं हेच नाव नाही. युरोपात बंदी आहे असा मेसेज फिरतोय. खरंय का? वहिनी लई घाबरलीय. आणि नुसत्या वासासाठी असलं काही घालतातच कामून?

प्रतिसाद :
ताई, बंदीचं खरं आहे. याला लिलिअल म्हणतात, फुलासारख्या वासाचं कृत्रिम द्रव्य. १ मार्च २०२२ पासून युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत चालत नाही. प्राण्यांना ते पोटातून दिलं तेव्हा प्रजननावर वाईट परिणाम दिसले, म्हणून. लोशन लावलं म्हणजे बाळाला इजा झालीच, असं मात्र नाही. वहिनींना हे आधी सांगा. बाटली फेका, टाचांना लावायलाही ठेवू नका. लेबलचा फोटो पुढच्या तपासणीत मॅडमना दाखवा.

वास घालतात तो क्रीममधल्या तेलामेणाचा मूळ वास झाकायला आणि गिऱ्हाइकाला आवडावा म्हणून. कातडीला त्याचा काडीचा फायदा नाही. पुरळाबाबत माझा संशय लिनालूलवर जास्त. ते लॅव्हेंडरच्या तेलातही असतं, पण हवा लागून जुनं झालं की ॲलर्जी करणारी द्रव्यं तयार होतात. नवं घ्याल ते 'फ्रॅग्रन्स फ्री' लिहिलेलं घ्या. 'अनसेंटेड'मध्ये वास दाबायला सुगंध घातलेला असू शकतो.

एक विचारू? पुरळ मंगळसूत्राखालीच आहे का? खोट्या दागिन्यातल्या निकेलनंही असंच होतं. लोशन बंद करूनही राहिलं तर अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात कातडीच्या ओपीडीला दाखवा.

धागाकर्ती :
हो की! खोटंच आहे, सोन्याचं लॉकरला. पण पाचव्या महिन्यात गळा मोकळा ठेवायचा म्हटलं तर आई घर डोक्यावर घेईल.

प्रतिसाद :
मोकळा कशाला? काळे मणी सुती दोऱ्यात ओवून घाला. आईंनाच ओवायला सांगा.