फवारणीचा वास गेला म्हणजे औषध गेले का?

प्रश्न (शेतकरी, सांगोला तालुका)
कडवळावर (चाऱ्याच्या ज्वारीवर) मावा पडल्यामुळे पाच दिवसांपूर्वी मी डायमेथोएट फवारले. पहिले दोन दिवस रानात उभे राहवत नव्हते इतका उग्र वास होता. आता तो पूर्णपणे गेला आहे. त्यामुळे हे कडवळ दुभत्या म्हशीला घालायला हरकत नाही, असे माझे मत आहे, पण आई तयार नाही. झाडात शिरलेले औषध विरून जाते की नुसते रूप बदलते, आणि जनावराच्या पोटात गेल्यावर ते दुधात उतरते का, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

उत्तर (निवृत्त प्राध्यापिका, कृषी रसायनशास्त्र)
आपल्या आईंचा नकार योग्य आहे. वास येतो तो उडून जाणाऱ्या अंशांचा. डायमेथोएट मात्र आंतरप्रवाही आहे, म्हणजे ते पानात शिरून रसात मिसळते, आणि म्हणूनच रस शोषणारा मावा त्याने मरतो. आत गेल्यावर त्याला दोन वाटा फुटतात. एका वाटेने रेणू तुटतो आणि त्याचा विषारीपणा जातो. दुसऱ्या वाटेने त्यातील गंधकाच्या एका अणूची जागा ऑक्सिजन घेतो व ओमेथोएट तयार होते, जे मूळ औषधापेक्षा कित्येक पट विषारी आहे. वास संपला तेव्हा कडवळात हेही असू शकते. शिवाय झाडाला मूत्रपिंड नसते. नको असलेले द्रव्य जनावर बाहेर टाकते, तर झाड ते बहुधा साखरेच्या रेणूला जोडून पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे द्रव भरलेल्या पिशवीत, साठवते किंवा पेशीभित्तिकेत अडकवून ठेवते, त्यामुळे धुऊन ते निघत नाही. डब्याबरोबरच्या माहितीपत्रकात फवारणी आणि कापणी यांमध्ये किती दिवसांचे अंतर हवे ते दिलेले असते. ते पूर्ण होईपर्यंत कडवळ कापू नये.

उत्तर (पशुवैद्य)
म्हशीच्या यकृतातही ओमेथोएट तयार होते, परंतु त्याच वेळी रेणू तोडणारी विकरे (एन्झाइम) वेगाने काम करतात आणि पाण्यात विरघळणारे तुकडे मूत्रावाटे निघून जातात, म्हणून अल्प मात्रेतील फारच थोडा अंश दुधात उतरतो. डीडीटी या जुन्या कीटकनाशकाची गत वेगळी आहे: शरीरात त्याचे रूप बदलून डीडीई होते, ते चरबीत मुरते आणि दुधातील स्निग्धांशाबरोबर दीर्घकाळ बाहेर येत राहते. मात्र ताज्या फवारणीचा चारा भरपूर खाल्ला गेला, तर यकृताचा वेग पुरा पडत नाही. लाळ गळणे, हगवण, अंग थरथरणे आणि धाप लागणे अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवावे. ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध वेळेत मिळाले तर जनावर वाचू शकते.

प्रश्नकर्ता
आपल्या दोघांचे आभार. कडवळ तसेच उभे ठेवतो. पुढच्या वेळी मॅलॅथिऑन वापरावे का? ते सौम्य असते असे ऐकले आहे, आणि पत्र्याच्या खोलीत दोन उन्हाळ्यांपूर्वीचा एक डबा पडून आहे.

उत्तर (निवृत्त प्राध्यापिका)
तो डबा कृपया वापरू नका. मॅलॅथिऑन सस्तन प्राण्यांना तुलनेने सौम्य ठरते, कारण आपल्या यकृतातील कार्बोक्सिलएस्टरेज हे विकर त्याचे विषारी रूप, म्हणजे मॅलॅऑक्सॉन, साठण्यापूर्वीच त्याला तोडते. बहुतेक किडींमध्ये हे विकर पुरेसे नसते. परंतु उष्णतेत राहिलेल्या मॅलॅथिऑनमध्ये आयसोमॅलॅथिऑन तयार होऊ शकते आणि ते नेमके याच विकराला निकामी करते. 1976 मध्ये पाकिस्तानात मलेरियाविरोधी फवारणी करणाऱ्या सुमारे 2,800 कामगारांना विषबाधा झाली आणि त्यांतील किमान पाच जण दगावले, त्यामागे हेच कारण होते. डबा उघडू नका, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. तालुका कृषी अधिकाऱ्यांना दाखवून त्यांच्या सल्ल्याने त्याची विल्हेवाट लावा, आणि तोवर मुले व जनावरे त्या खोलीत जाणार नाहीत असे पाहा.