ऑनलाइन गणित केवळ शिस्तीने जमते काय?

रात्रशाळा (धाग्याची सुरुवात)

परवा येथे ‘नियमित’ यांनी ऑनलाइन गणितात यशस्वी होण्याचे पाच नियम मांडले. पहाटे उठावे, वेळापत्रक भिंतीवर लावावे, मोबाइलवरची इतर ॲप काढून टाकावीत, एकही तास चुकवू नये आणि प्रत्येक व्हिडिओ दीडपट वेगाने दोनदा पाहावा. शेवटी त्यांनी लिहिले होते, की एवढे करूनही जो नापास होतो त्याला शिकायचेच नसते. त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहीत आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या दहावीच्या मुलांना संध्याकाळी ऑनलाइन गणित शिकवतो. गेल्या वर्षीचा माझा एक विद्यार्थी हे पाचही नियम मनापासून पाळत होता, पण सराव परीक्षेत वर्गसमीकरणाचे एकही उदाहरण त्याच्याकडून पूर्ण सुटत नव्हते. अखेर मी त्याच्याकडे वहीच्या पानाचा फोटो मागितला. २क्ष² − ५क्ष − ३ = ० या समीकरणातले मधले पद त्याने −६क्ष आणि +क्ष असे बरोबर फोडले होते आणि २क्ष(क्ष − ३) + (क्ष − ३) इथपर्यंत त्याची एकही चूक नव्हती. पुढची ओळ मात्र (क्ष − ३)(२क्ष) = ० अशी होती. दुसऱ्या पदाच्या जागी काय राहिले असे विचारल्यावर तो म्हणाला, “सर, कंस बाहेर काढला, मग मागे काय उरणार?”

सामाईक अवयव ‘बाहेर काढणे’ म्हणजे वजा करणे, अशी त्याची समजूत झाली होती. व्हिडिओत शिक्षक ती पायरी झरझर लिहून पुढे जातात, पाहणारा मान डोलावतो आणि समजल्याचे समाधान मिळते. ती समजूत वहीतच दिसू शकत होती आणि वही कोणी पाहतच नव्हते. ऑनलाइन गणितात तोच पुढे जातो, ज्याची चुकलेली ओळ त्याच आठवड्यात कोणाच्या तरी नजरेस पडते, असे माझे ठाम मत आहे.

नियमित

माझ्या शेवटच्या वाक्याचा आपल्याला राग आला हे समजले, परंतु आपण एका मुलावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढत आहात. मी नोकरी सांभाळून आयआयटी मद्रासच्या २०२० साली सुरू झालेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची पात्रता परीक्षा दिली. चार आठवडे गणित, संख्याशास्त्र, संगणकीय विचार आणि इंग्रजी, दर आठवड्याला मुदतीत द्यायचा स्वाध्याय आणि त्यानंतर केंद्रावर जाऊन प्रत्यक्ष परीक्षा, असा तो क्रम होता. बारा वर्षांनी मी पुन्हा सरळ रेषेचा चढ काढत होतो आणि माझी वही त्या काळात कोणीही पाहिली नाही. पहाटेच्या दोन तासांनीच मला तारले.

बाकावरची

रात्रशाळा सर, चूक कोणाच्या तरी नजरेस पडण्याचे आपल्याला एवढे कौतुक वाटते, कारण नजर आपली असते. आठवीत मला फळ्यापाशी उभे करून, अपूर्णांकांच्या बेरजेत छेदांचीही बेरीज केली म्हणून, सगळ्या वर्गाला हसवण्यात आले. त्यानंतर दहावीपर्यंत मी गणिताच्या तासाला हात वर केला नाही. पुढे पदविकेला असताना लॉगॅरिदमचा एकच व्हिडिओ मी अकरा वेळा मागे नेऊन पाहिला. अकराव्या वेळीही तो आवाज वैतागला नाही. ज्यांना असा अपमान सोसावा लागला नाही, त्यांना मागे नेण्याच्या त्या बटणाची किंमत कळणार नाही. दीडपट वेगाचा सल्ला मात्र मला अजिबात पटत नाही.

कृष्णाकाठ

मुलाची चूक ‘बाहेर काढणे’ या शब्दामुळे झाली आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. ऑनलाइन वर्गात फळा अस्पष्ट दिसतो, हावभाव दिसत नाहीत आणि सगळा भार शब्दांवर येतो. मी प्राथमिक शाळेत शिकवते. २०२० च्या टाळेबंदीत मी फोनवरून संख्यालेखन घेत असे. नेटवर्क तुटले की ‘एकोण’ एवढेच ऐकू जाई आणि ५९ की ६९ हे मुलांना कळत नसे. तेव्हा मला २०१९ च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील, एकोणसाठला ‘पन्नास नऊ’ म्हणण्याची पद्धत फार उपयोगी पडली. जिच्यावर विधिमंडळापर्यंत टीका झाली, तीच पद्धत तुटक्या आवाजातही पोहोचत होती, कारण पन्नास आधी ऐकू येते.

जुना फळा

हे वाचून फार वाईट वाटले. नेटवर्क तुटते म्हणून भाषा तोडायची काय? त्रेपन्न, एकोणसाठ, सत्त्याण्णव हे शब्द आमच्या पाढ्यांत बसलेले आहेत आणि ‘पन्नास तीन’ म्हणणाऱ्या मुलाला आजीने सांगितलेला हिशेब कळणार नाही. आम्ही क्ष आणि य लिहून बीजगणित शिकलो, ‘विवेचक’ आणि ‘सहगुणक’ म्हणत शिकलो आणि अभियंते झालो.

कृष्णाकाठ

त्या पुस्तकात जुनी नावे काढून टाकलेली नव्हती, दोन्ही रीती दिल्या होत्या. पुस्तकाच्या गणित समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनीही, जोडाक्षरांनी अडखळणाऱ्या मुलाला आधी संख्या कळू द्यावी, एवढीच भूमिका मांडली होती. आपण पुस्तक न पाहता बोलत आहात, असा माझा स्पष्ट आरोप आहे.

जुना फळा

मी ते पान पाहिले आहे आणि आरोप करण्याचा आपल्याला अधिकार नाही. माझी नात परदेशात आहे आणि रविवारी मी तिला व्हिडिओ कॉलवर गणित शिकवतो. ती त्रेपन्न ऐकून आधी ३ लिहिते आणि डावीकडे जागा सोडून ५ नंतर भरते, हे मी रोखठोक सांगतो. तरीही तिने त्रेपन्नच म्हणावे, असा माझा आग्रह आहे. तिला अडचण होते हे मात्र मी नाकारत नाही.

बाकावरची

इंग्रजी व्हिडिओ पाहताना मलाही ‘डिस्क्रिमिनंट’ म्हणजे आपला विवेचक हे कळायला चार दिवस लागले. शिस्तीच्या पाच नियमांत या चार दिवसांना जागा कुठे आहे, हे ‘नियमित’ यांनी सांगावे.

रात्रशाळा

बाकावरची, आपला अनुभव वाचून मी थांबलो. माझ्या वर्गात मी चुकीच्या पानाचा फोटो सर्वांना दाखवत असे. नाव झाकत असे, पण अक्षर ओळखू येतेच. हे मी आजपासून बंद करतो. परंतु अकरा वेळा व्हिडिओ पाहूनही तो मुलगा ‘मागे काय उरणार’ असेच म्हणाला असता, हे माझे म्हणणे कायम आहे. मी त्याला फक्त एवढेच विचारले, की ७ आंबे अधिक १ आंबा यांतून ‘आंबा’ सामाईक घेतला, तर कंसात काय लिहायचे. त्याने ७ + १ लिहिले, काही वेळ त्याकडे पाहिले आणि न सांगता मागच्या ओळीत (२क्ष + १) अशी दुरुस्ती केली.

नियमित

आंब्यांचे उदाहरण चांगले आहे, हे मान्य करावे लागते. माझ्याही बाबतीत एक गोष्ट मी सांगितली नव्हती. दर शनिवारी कार्यालयातील एक सहकारी माझे स्वाध्याय तपासत असे आणि चिन्हांच्या चुकांवर पेन्सिलीने गोल करत असे. मी ती मदत धरली नव्हती, कारण ती चहा पिताना होत असे. शेवटचे वाक्य मी मागे घेतो. पहाटेचा नियम मागे घेणार नाही. पण आपल्या तीस विद्यार्थ्यांच्या वह्या दर आठवड्याला कोण पाहणार? एका वहीला चार मिनिटे धरली तरी दोन तास होतात.

रात्रशाळा

दोन तास होतात, आणि त्यांचे पैसे कोणी देत नाही. या महिन्यापासून मुलांच्या पंधरा जोड्या करून शुक्रवारी वह्यांचे फोटो एकमेकांकडे पाठवायला सांगणार आहे. ज्या ओळीवर दोघे अडतील, तेवढीच ओळ माझ्याकडे येईल.

कृष्णाकाठ

जोडीतल्या एकाकडे तरी स्वतःचा फोन आहे ना, हे आधी विचारावे. माझ्या वर्गात तिघा भावंडांत एकच फोन होता आणि तो वडील कामावरून परत आल्यावर, रात्री साडेआठला मिळत असे.