महारेरा नोंदणी आहे, मग एजंट संघटनेचं सभासदत्व कशाला?

कोथरूडकर: महारेराची, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाची, एजंट नोंदणी झाली आहे (वैयक्तिक, फी १०,००० रुपये, मुदत ५ वर्षं). पुण्यातली एक संघटना सभासद व्हा म्हणतेय. वर्गणीच्या बदल्यात नेमकं काय मिळतं? लीड (नवी गिऱ्हाइकं) मिळतात का?

चावीवाला: लीडसाठी जाणार असाल तर नकोच. उपयोग आहे तो को-ब्रोकिंगमध्ये, म्हणजे दोन एजंट मिळून एक सौदा करतात तेव्हा. पार्टी (गिऱ्हाईक) तुमची, फ्लॅट दुसऱ्याकडचा, आणि ब्रोकरेज आलं की भांडण सुरू. चांगल्या संघटनेत वाट्याचे नियम लेखी असतात आणि तंटा सोडवायला समिती असते. पण समिती पुरावा मागते. म्हणून साइट व्हिजिटच्या आधी समोरच्या एजंटला मेसेज टाका: पार्टीचं नाव, फ्लॅट, तारीख, कोणाला किती टक्के. उत्तरात 'ओके' येईपर्यंत पार्टीला जागा दाखवू नका. फोनवर ठरलेलं समितीपुढे टिकत नाही.
समोरचा सभासदच नसेल तर समिती काही करू शकत नाही. तेव्हा तुमच्या भागातले किती एजंट आत आहेत, ते आधी विचारा.

आकडेमोड: कागदपत्रांच्या कार्यशाळाही कामाच्या असतात. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण डिसेंबर २०२० पासून २० लाख किंवा जास्त उलाढालीचे एजंट मनी लाँडरिंग कायद्याखालीही येतात. म्हणजे पार्टीची केवायसी घ्यायची, नोंदी ५ वर्षं जपायच्या. इथे बरेच जण गाफील असतात.
बिलात १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवा, म्हणजे बिल्डर टीडीएस फक्त ब्रोकरेजवर कापेल. एकच रक्कम लिहिली तर जीएसटीवरही कापला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून टीडीएसचा दर ५ वरून २ टक्के झालाय, तरी जुन्या दराने कापणारे भेटतात.

कलम_नऊ: संघटनेचं ओळखपत्र म्हणजे परवाना नव्हे. महारेरा नोंदणीशिवाय नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकायला गेलात तर रोज १०,००० रुपये दंड, फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. नूतनीकरणाची तारीख स्वतःच सांभाळा.

कोथरूडकर: माझं निम्मं काम जुन्या सोसायट्यांमधल्या रीसेलचं आहे.

चावीवाला: मग व्हाच सभासद. प्रकल्प महारेरात नसेल तर तिथे दाद मागता येत नाही. दोन एजंटांच्या वाट्याच्या भांडणात समिती नाहीतर दिवाणी कोर्ट, एवढंच उरतं.