गाभा-मॉडेल मधे ठेवावं की थेट अनुवादक लिहावेत? (द्राक्ष पॅकहाऊसचा डेटा, नाशिक)

द्राक्षडेटा (धागाकर्ता)
पॅकहाऊसचा डेटाबेस एसक्यूएलमध्ये, लॅबचा अहवाल एक्सएमएलमध्ये, ॲपला जेसन लागतं आणि वजनकाटा प्रोटोबफ पाठवतो. डेटा मांडायची चार तंत्रं. प्रत्येकातून प्रत्येकात जायचं तर ४×३ = १२ अनुवादक, म्हणजे रूपांतर करणारे प्रोग्रॅम. मधे एक गाभा, म्हणजे सगळ्यांना समान असं डेटाचं वर्णन, ठेवला तर आत यायचे ४, बाहेर जायचे ४, असे ८. तंत्रं सहा झाली की ३० विरुद्ध १२. गाभा छोटाच हवा: घटक, गुणधर्म, प्रकार, किती वेळा, ओळख-की, ‘यापैकी एक’ आणि एकक. विरोधी मतं येऊ द्या.

सातपूरकर
आकडेमोड बरोबर, पण मुख्य खर्च अनुवादकांच्या संख्येचा नाहीच. अर्थ सांडतो, तो महागात पडतो. फवारणीच्या औषधाचे अवशेष घ्या. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे सरसकट ०.०१ मिग्रॅ/किलो. लॅबचं उत्तर तीन प्रकारचं असतं: आकडा, ‘मोजमाप-मर्यादेखाली’, किंवा ‘तपासलं नाही’. एक्सएसडीत, म्हणजे एक्सएमएलची रचना ठरवणाऱ्या फाइलीत, हे चॉइसने (‘यापैकी एक’) सरळ लिहिता येतं. एसक्यूएलच्या एका कॉलममध्ये शेवटची दोन्ही नल, म्हणजे रिकामी, होतात. प्रोटो३ (प्रोटोबफची आवृत्ती) मध्ये फील्डला ऑप्शनल लावलं नसेल तर शून्य आणि न भरलेलं यात फरकच उरत नाही. म्हणजे न तपासलेला माल कागदावर स्वच्छ!

द्राक्षडेटा
अहो, हा तर गाभ्याच्या बाजूचा मुद्दा झाला. गाभ्यात ‘यापैकी एक’ आणि तीन फांद्या. प्रोटोबफमध्ये त्याचं वनऑफ, जेसन स्कीमात तिन्ही फांद्यांना ठरलेला टॅग, एसक्यूएलमध्ये स्थितीचा सक्तीचा कॉलम अधिक डेसिमल(८,३) मूल्य, आणि वर चेक, म्हणजे ओळ आत घेण्याआधी तपासली जाणारी अट. चेक लिहिताना मात्र जपून. ‘स्थिती मोजलं असेल तर मूल्य शून्याहून मोठं’ एवढंच लिहिलं आणि मूल्य नल आलं, तर अटीचं उत्तर ‘अज्ञात’ येतं आणि चेक ओळ आत सोडतो. ‘नल नाही’ हे वेगळं लिहावंच लागतं. हा बारकावा एकदा गाभ्यातून ही रूपं तयार करणाऱ्या जनरेटरमध्ये बसवला की सगळ्या टेबलांना मिळतो. आणि जे मांडता येत नाही तिथे जनरेटरने थांबायचं, गुपचूप गाळायचं नाही.

सातपूरकर
जाताना ठीक. परत येताना? तेच टेबल वाचलं तर दोन कॉलम आणि एक चेक दिसतात. ही मुळात तीन फांद्यांची निवड होती हे कोण ओळखणार? मग तुम्ही खुणा जोडणार: ही एक्सएसडीसाठी, ही एसक्यूएलसाठी. हळूहळू गाभ्याचा माळा होतो, ज्याला जे नको ते वर टाका. खुणा नाही ठेवल्या तर सगळ्यांत जे समान तेवढंच उरतं, आणि ते फारच थोडं असतं.

ओझरवाला
दोघांनी एक गोष्ट सोडली. प्रोटोबफ फील्ड नावाने नाही, क्रमांकाने ओळखतो, आणि ते क्रमांक गाभ्यात नसतात. जनरेटरने दर वेळी नावांच्या क्रमाने नवे दिले तर मधे एक फील्ड घुसताच पुढचे सगळे सरकतात. प्रकार सारखा असेल तर एररही येत नाही, निव्वळ वजनाच्या जागी एकूण वजन वाचलं जातं. क्रमांकांची वेगळी फाइल रिपॉझिटरीत ठेवा, काढलेले क्रमांक रिझर्व्ह्ड करा, म्हणजे पुन्हा वापरले जाणार नाहीत. १९००० ते १९९९९ वापरायचे नाहीत, ते प्रोटोबफचे स्वतःचे.
आणि सातबाऱ्यावरचा गट क्रमांक मजकूरच. १२/१ एक्सेलमधून आला की तारीख होऊन येतो!

गोदाकाठ
उद्या कोणी आरडीएफ आणि आउल (वेबवर ज्ञान मांडायच्या पद्धती) आणेल, म्हणून आत्ताच सांगतो. ‘किमान १’ हे एसक्यूएलमध्ये बंधन आहे. आउलमध्ये मूल्य दिसलं नाही तर ते कुठेतरी असेल असं धरलं जातं, चूक निघत नाही. तपासणीसाठी शॅकल, ही आरडीएफ तपासायची नियमभाषा, लागते. गाभ्यातला ‘किमान १’ नक्की कुठला, हे आधी लिहून ठेवा.

सातपूरकर
आता बाण मोजू, म्हणजे डेटा खरंच कुठून कुठे जातो ते. लॅब ते डेटाबेस, काटा ते डेटाबेस, डेटाबेस ते ॲप आणि परत. चार! लॅबला काट्याशी काय बोलायचंय? १२ हा आकडा कागदावरचा आहे.

द्राक्षडेटा
मान्य, १२ मागे घेतो. त्याच हिशेबाने गाभ्याचे ६ होतात (आत ४, बाहेर डेटाबेस आणि ॲपकडे २), तुमच्या चारपेक्षा दोन जास्तच. पण एखादं नवं फील्ड सगळीकडे घालायचं झालं तर थेट पद्धतीत चारही अनुवादक उघडावे लागतात, इथे गाभ्यातली एक ओळ.

सातपूरकर
एक ओळ गाभ्यात, आणि लॅबचा एक्सएसडी तुम्ही बदलणार की लॅब?