मोरिआर्टीचा पगार आणि घरातलं चित्र

प्राध्यापक मोरिआर्टी, गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या, हा शेरलॉक होम्सचा कायमचा वैरी असं म्हटलं जातं, पण आर्थर कॉनन डॉइलच्या मूळ ५६ कथा आणि ४ कादंबऱ्यांत तो प्रत्यक्ष वावरतो ते फक्त 'द फायनल प्रॉब्लेम'मध्ये (१८९३). तिथेही होम्सचा मित्र आणि कथा सांगणारा वॉटसन, त्याला तो दुरूनच दिसतो, बाकी सगळं होम्सच्या तोंडून. होम्सला संपवायला कुणीतरी तोडीस तोड हवा होता म्हणून आणलेलं पात्र, त्यामुळे टोळीचं वर्णन भारदस्त पण पुरावा शून्य.

खरा तपास 'द व्हॅली ऑफ फिअर'मध्ये (१९१४-१५) आहे, आणि तो निव्वळ हिशेबाचा. प्राध्यापकाचा पगार वर्षाला ७०० पौंड, आणि अभ्यासिकेत ग्रझ या फ्रेंच चित्रकाराचं चित्र! त्याच चित्रकाराचं एक चित्र लिलावात ४०,००० पौंडांच्या वर गेलेलं. हाताखालच्या मोरनला वर्षाला ६,००० पौंड. घरखर्चाचे साधे चेकसुद्धा सहा वेगवेगळ्या बँकांवरचे. खलनायक असा पकडावा, आयकर खात्यासारखा.

घोळ एवढाच, की ही कादंबरी लिहिली नंतर, पण तिच्यातल्या घटना 'फायनल प्रॉब्लेम'च्या आधीच्या, आणि तिच्यात वॉटसनला मोरिआर्टी माहीत आहे. 'फायनल प्रॉब्लेम'मध्ये मात्र तो म्हणतो, हे नाव कधी ऐकलंच नाही. डॉइलने ते सांधायची तसदी घेतली नाही.